आई, पूल आला

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे. ऐकीव नाही, मित्राच्या मित्राची तर नाहीच. पटली नाही तर वाचून सोडून द्या, माझी काही तक्रार नाही. खरं सांगायचं तर ती मलासुद्धा पटू नये, असंच मला वाटतं.

आणि एक आधीच सांगून ठेवते. या गोष्टीत मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. बँकॉकमध्ये, पिनक्लाव पुलावर, गाड्यांच्या गर्दीत.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. वार गुरुवार.

माझं नाव बुआलाय. बँकॉकमध्ये मात्र मला सगळे लिली म्हणायचे. मीच तसं सांगितलं होतं.

आमचं गाव यासोथोनकडे, ईसानात, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात. मी अकरा वर्षं बँकॉकच्या एका मोठ्या मॉलमध्ये क्रीम-पावडरच्या काउंटरवर उभी होते. राजधानीत आमची बोली ऐकली की लोक हसतात. टीव्हीवर बावळट मोलकरीण दाखवायची असली की ती हमखास आमच्या बोलीत बोलते. मी सहा महिन्यांत माझी बोली पुसून टाकली. हळू बोलायला शिकले, गोड बोलायला शिकले. बरोबरच्या मुलींना मी इथलीच वाटायचे, आणि मी वाटू दिलं.

मग आई आली.

आईचं नाव खाम्पुन. वय चौसष्ट. तिला आयुष्यात एकदा राजवाड्यातला पाचूचा बुद्ध बघायचा होता, नदीतून बोटीनं फिरायचं होतं, आणि मी कुठे काम करते ते बघायचं होतं. अकरा वर्षं मी काही ना काही कारण काढून टाळत आले होते. त्या वर्षी भात झोडून कणगीत पडलं आणि तिनं मला विचारलंच नाही. सरळ गाडीत बसली.

बसस्थानकावर उतरली तीच मुळी ओरडत.

"बुआलाय! ए बुआलाय! अगं इकडं, इकडं!"

आईचा आवाज म्हणजे गावाचा भोंगा. या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय. हातात आंबवलेल्या मासळीची बरणी, तिला फडकं बांधलेलं, तरी वास दहा पावलांवर.

"आई, हळू बोल ना. लोक बघतायत."

"बघू देत की. मी काय कुणाची कोंबडी चोरून आणलीय?"

"ती बरणी तरी पिशवीत घाल."

"पिशवीत घातली तर गुदमरेल गं ती."

आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसली. शेजारचे दोघेतिघेही हसले. मला मात्र जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

पहिले दोन दिवस असेच गेले. ती बोलायची, मी दाबायचे. राजवाड्याच्या अंगणात तिनं स्वतः विणलेलं रेशमी लुगडं नेसलं होतं. इतकी सुरेख दिसत होती की दोन परदेशी बायकांनी थांबून तिचा फोटो काढला. मी काय केलं असेल? मी चार पावलं बाजूला झाले.

तिसऱ्या दिवशी ती मॉलमध्ये आली. मी नको म्हटलं होतं, तरी आली. सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी तिनं चपला काढून हातात घेतल्या. तशीच अनवाणी, चपला छातीशी धरून, हसत वर आली.

माझ्याबरोबरच्या पिमनं विचारलं, "लिली, या कोण गं?"

मी म्हटलं, "ओळखीच्या आहेत. शहर बघायला आल्यात."

आईनं ते ऐकलं. राजधानीची भाषा तिला टीव्हीमुळे समजायची.

 मग तिनं चपला खाली ठेवल्या, दोन्ही हात जोडले, आणि पिमला अगदी हळू आवाजात, मोडक्यातोडक्या राजधानीच्या भाषेत म्हणाली, "नमस्कार. मी पाहुणी."

त्यानंतर आई हळू बोलायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बोटीत बसलो. ती खिडकीशी, मी शेजारी. बोटीच्या इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज. मधेच तिनं माझी बाही ओढली. दोनदा. काहीतरी म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा तसंच हळू. मला ऐकू आलं नाही. तिनं हात हलवला, काही नाही, राहू दे, असा.

पुढच्या धक्क्यावर सगळे उतरले.

आई उठली नाही.

मला वाटलं, डोळा लागला असेल...

पलीकडच्या काठावरच्या हॉस्पिटलात नेलं, पण तासाभरात सगळं संपलं. छातीत दुखत असणार, डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही बोलल्या नाहीत का?

एरवी आईला काटा रुतला असता तरी अख्ख्या नदीला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी थोंगदी दादा पिकअप घेऊन आला, बरोबर आमच्या गावच्या विहारातले म्हातारे भंते. दादा माझा मोठा भाऊ. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रडतही नव्हता. नुसता शवपेटीच्या दोऱ्या घट्ट करत राहिला.

आमच्याकडे माणूस घराबाहेर गेला तर त्याला तिथून हाक मारून घरी न्यावं लागतं. नुसतं शरीर नेऊन चालत नाही. घरच्यानं उदबत्ती हातात धरायची, लाह्या टाकत जायचं आणि वाट सांगत जायची. वळण आलं की वळण सांगायचं. पूल आला की पूल.

भंतेंनी मला समोर बसवून समजावलं. "पाणी आलं की त्यांना वाट संपली असं वाटतं, पोरी. पूल त्यांना दिसत नाही. तू सांगितलंस तरच पाय टाकतील. मोठ्यानं सांग. मनातल्या मनात नको. तिला तुझं मन ऐकू येणार नाही."

मी मान हलवली.

भंते पुढे दादाशेजारी बसले. मी मागे उघड्यावर, पेटीजवळ. हातात उदबत्ती, मांडीवर लाह्यांची टोपली.

हॉस्पिटलच्या दारात सांगितलं, हळूच. "आई, चल. गाडीत बस." कोपऱ्यावर सांगितलं. "आई, डावीकडं."

आणि मग पिनक्लाव पूल आला.

पुलावर गाड्या तुंबलेल्या. आम्ही बरोबर मधोमध थांबलो. खाली नदी, वर ऊन. आणि आमच्या शेजारी... पर्यटकांची एक भलीमोठी बस. काचेमागे रांगेनं चेहरे, सगळे खाली माझ्याकडे बघतायत. पेटीकडे, लाह्यांकडे. कुणीतरी फोन वर केला. मागच्या स्कूटरवर दोन मुली होत्या, आमच्या मॉलच्याच गणवेशात. ओळखीच्या होत्या की नव्हत्या कुणास ठाऊक.

मी तोंड उघडलं.

आवाज बाहेर आला नाही.

या पुलावर, या सगळ्यांसमोर, आमच्या बोलीत ओरडायचं?  मी खाली मान घातली आणि मनात म्हटलं, आई, पूल आला. चल.

मनात.

दादानं पुढून काच ठोठावली. "सांगितलंस?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हो रे दादा. सांगितलं."

गाड्या हलल्या. आम्ही पूल ओलांडला. शहर मागे पडल्यावर मात्र मी एकही पूल सोडला नाही. पासाक नदीला ओरडले, लाम ताखोंगला ओरडले, ची नदीला तर घसा फाटेस्तोवर ओरडले. "आईऽऽ, पूल आलाऽऽ, सांभाळून!"

उदबत्तीचा धूर दिवसभर मागे जात होता. बँकॉकच्या दिशेनं. वाऱ्यामुळे असेल.

गावात सगळं रीतीप्रमाणे झालं. तीन दिवस पेटी घरात, मग दहन, मग अस्थी. गाव जेवून गेलं.

पण आई आली नाही.

म्हणजे काय, ते सांगते. आमच्या गावात माणूस गेला की पहिल्या सात दिवसांत कुणाच्या तरी स्वप्नात येतो. काहीतरी मागतो. विडा मागतो, पांघरूण मागतो, बैलाला पाणी दिलं का विचारतो. आईच्या बाबतीत काहीच नाही. शेजारणींच्या नाही, दादाच्या नाही, नूपियन मावशीच्यासुद्धा नाही. नूपियन मावशी ही आईची धाकटी बहीण, घराला लागून घर. जिभेनं तिखट.

"जिवंतपणी दिवसातून चार घरं फिरल्याशिवाय हिला भात गोड लागायचा नाही," मावशी म्हणाली. "आणि मेल्यावर एवढी शहाणी झाली होय?"

खांबांवर उभ्या आमच्या घराखाली आईचा माग होता. अर्धं विणलेलं कापड तसंच. आमच्याकडे म्हणतात, विणकरीण गेली की एकदा तरी माग वाजतो. दादा दुपारभर त्याच्याजवळ बसून राहायचा.

काही वाजलं नाही...

इतकं गप्प घर मी कधी पाहिलं नव्हतं. आई नसल्यामुळे घर गप्प होतं असं नाही. आई अजून यायची आहे, असं गप्प होतं.

पुलाचं मी कुणाला सांगितलं नाही. बँकॉकला परतले आणि पुन्हा लिली झाले.

तीनेक महिने गेले असतील. पुलाच्या पायथ्याशी मोटरसायकलवरून सवारी नेणाऱ्यांचा अड्डा आहे. तिथला सुबान मला वर्षानुवर्षं कामावर सोडायचा. चाळिशीचा माणूस, नारिंगी जाकीट, सदा बडबड. त्या दिवशी गाडी सुरू करता करता म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुम्ही आमच्याकडच्या ना? ईसानच्या?"

"कशावरून?"

"कोपऱ्यावर पपईची कोशिंबीर घेता तेव्हा मिरच्या मोजून बघितल्या मी. बँकॉकचं माणूस एवढ्यात जळून खाक होईल."

मला हसू आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला आमच्या बोलीत उत्तर दिलं. "यासोथोन."

त्यानं गाडी बंद केली.

"यासोथोन?" तो म्हणाला. "मग तुम्हाला सांगायलाच पाहिजे. पोरं मला वेडा म्हणतात."

"काय झालं?"

"दुपारी पुलावरून जातो ना, मधोमध आलं की डाव्या अंगाला एका बाईचा आवाज येतो. आपल्या बोलीत. 'बाळा, यासोथोनकडं कुठून जायचं?' वळून बघावं तर कुणी नाही. तीनदा झालं. गाडीच्या आवाजात मला ऐकू यायला नको खरं तर, इतकी हळू विचारते. अशी... लाजल्यासारखी. आपल्याकडच्या बाया अशा हळू बोलतात होय?"

मी कामावर गेले नाही.

दुपारी एकटी पूल चढले. वर आग ओकणारं ऊन, बाजूनं गाड्यांची रीघ. मधोमध जाऊन थांबले. काही नव्हतं. वारा नव्हता, आवाज नव्हता. एक वास मात्र आला. आंबवलेल्या मासळीचा. आईच्या बरणीचा.

आणि मग...

कुणीतरी माझी बाही ओढली.

एकदा.

थांबून, आणखी एकदा.

बाजूनं एक जोडपं हसत चाललं होतं. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. तेव्हासुद्धा नाही! मी पळाले. खाली येऊन भिंतीला टेकले आणि दादाला फोन लावला.

"दादा, मी खोटं बोलले. पुलावर मी आईला सांगितलंच नाही. मला लाज वाटली रे."



मग दादा म्हणाला, "म्हणजे आपली आई तीन महिने तिथं उन्हात उभी आहे?"

एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी दादा आणि भंते पुन्हा आले. तीच पिकअप. मी आईची चोळी उराशी धरली, चिकट भाताची तिची वेताची टोपली घेतली. सुबानला मी सगळं सांगितलं होतं; त्यानं आमच्या मागे मोटरसायकल आडवी लावली आणि हात दाखवून गाड्या थोपवल्या. भोंग्यांचा नुसता कल्लोळ.

पदपथावर एक गाईड झेंडा धरून पर्यटकांना नदी दाखवत होती. ती बोलायची थांबली. फोन वर झाले.

मी ओरडले.

"आईऽऽ! मी बुआलायऽऽ! तुझी पोरगी! चल, घरी जाऊ! पूल आलाय, माझ्यामागून ये, भिऊ नको!"

आमच्या बोलीत. पोटातून. गावच्या बांधावर उभी असल्यासारखी. किती वेळा ओरडले आठवत नाही. नाक वाहत होतं, केस सुटले होते. सगळे बघत होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ते तीन महिन्यांपूर्वी वाटलं नसतं तर!

पिकअपची मागची बाजू किंचित खाली गेली. कुणी पाय देऊन चढावं तशी.

हातातली चोळी ओलसर झाली.

सुबाननं हात जोडले. "आल्या, ताई," तो म्हणाला. "निघा आता."

नऊ तास. प्रत्येक पूल, प्रत्येक कालवा, प्रत्येक वळण. पोहोचलो तेव्हा माझ्या घशातून नुसती हवा येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती आवाजानं.

आमच्याकडे जिन्याच्या पायथ्याशी पाण्याचा रांजण असतो. पाय धुऊन वर यायचं. त्यात करवंटी बुडाल्याचा आवाज. डुबुक्... मग पाणी ओतल्याचा. मग पायावर पाय घासल्याचा...

मी आणि दादा एकदमच बाहेर आलो. जिन्याखाली कुणी नव्हतं. करवंटी अजून पाण्यावर हलत होती. आणि पायऱ्यांवर ओलं होतं. एक, दोन, तीन पायऱ्या.

दादा तिथेच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. पहिल्यांदा.

तीन दिवस आमच्या घरात सण होता म्हणा ना. सकाळ-संध्याकाळ करवंटी वाजायची. मी आईचं पान वाढायचे. दादा मागाशी बसून तिच्याशी बोलायचा. मी इतकी गाढ झोपले, की तीन महिन्यांची झोप भरून निघाली.

चौथ्या दिवशी नूपियन मावशी लेकाकडून परत आली. मी धावत जाऊन सांगितलं, मावशी, आई आली!

ती आमच्याकडे आली, पायरीवर टेकली. करवंटी वाजली. तिनंही ऐकली. ओल्या पायऱ्या बघितल्या. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता हसेल, आता रडेल.

मावशी हसली नाही.

"बुआलाय," ती म्हणाली, "खाम्पुननं जन्मात कधी पाय धुतले होते?"

मला कळेना.

"चिखलाच्या पायांनी थेट स्वयंपाकघरात यायची. सासू थकली, मी भांडून थकले. पन्नास वर्षं. हे कोण पाय धुतंय, गं? एवढं जपून?"



खरं होतं ते. आईनं कधी पाय धुतले नव्हते. मला आठवत होतं. मला आठवायचं नव्हतं.

त्याच दुपारी मावशी घराखालच्या बांबूच्या बाजेवर आडवी झाली. घटकाभरच. मी शेजारी बसून लसूण सोलत होते. झोपेत ती बोलायला लागली, अदबीनं, पाहुण्याशी बोलावं तसं. मग दचकून उठली. माझा हात धरला. 

"एक बाई आली होती," ती म्हणाली. "म्हातारी. समुद्राकडची असावी, बोलण्यावरून. केस ओले. माझ्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि हात जोडून माफी मागायला लागली."

"कसली माफी?"

"म्हणाली, हे माझं घर नाही, मला ठाऊक आहे. पण तिथं पुलावर आम्ही पुष्कळ जण उभे आहोत. कुणाला न्यायला कुणी येत नाही. त्या दिवशी तुमच्या मुलीनं 'आई, चल' म्हणून हाक मारली, तेव्हा आम्हा सगळ्या बायांनी वर बघितलं. सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या आया. इतक्या मायेनं हाक मारली की माझे पाय आपोआप उठले."

मी विचारलं, "आणि माझी आई? आई नव्हती तिथं?"

मावशी माझ्याकडे बघेना. सोललेला लसूण उगाच हातानं चिवडत राहिली.

"मावशी, सांग."

"विचारलं मी तिला. म्हटलं, आमची खाम्पुन? तर म्हणाली... ती माझ्या शेजारीच होती. मीच तिला म्हटलं, बघा, तुमच्या गावचं कुणीतरी हाक मारतंय, तुमची मुलगी तर नाही? तर ती उठली नाही. हसली नुसती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, छे हो. माझी पोरगी मोठ्यानं बोलत नाही. चारचौघांत तर नाहीच नाही. आणि आमच्या बोलीत, बुआलाय म्हणून? माझी तर आता लिली आहे. ही दुसरी कुणाची तरी आहे. जा तुम्ही. माझी येईल, हळूच येईल."

...

या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलं.

ती बाई अजून आमच्याकडेच आहे. तिची माणसं कुठे शोधायची? नाव नाही, गाव नाही. मावशी म्हणाली, राहू दे, कुणाची तरी आईच आहे. मी रोज तिचं पान वाढते. ती रोज पाय धुते, अगदी जपून. पाहुण्यासारखी.

मॉलची नोकरी मी सोडली. लिली हे नाव आता कुणी घेत नाही.

गेल्या महिन्यात दादाला घेऊन मी पुन्हा पुलावर गेले. या वेळी ओरडायचं नाही, असं ठरवलं होतं. आई ज्या आवाजाची वाट बघतेय, त्याच आवाजात बोलवायचं. हळू. राजधानीच्या भाषेत. लिलीसारखं.

मधोमध उभी राहिले. उदबत्ती लावली. मासळीचा वास आला. बाहीला झटका बसला, एकदा, मग पुन्हा. ती अगदी जवळ होती. अर्ध्या हातावर.

मी तोंड उघडलं... आणि अडकले.

त्या आवाजात हाक मारायची तर काय म्हणून मारू? त्या आवाजात, त्या भाषेत मी तिला कधी आई म्हटलेलंच नाही. एकदाही नाही.

उदबत्ती विझेपर्यंत मी तशीच उभी होते. दादानं मागून दोनदा विचारलं, सांगितलंस का. मी या वेळी खरं सांगितलं. नाही म्हटलं.